आधी तीनशे एक्क्याण्णव, मग पाचशे अठ्ठ्याहत्तर

लिऑन, मंगळवार, १७ मार्च १९१४

प्रिय बाबा,

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मेलानीनं पाठवलेली आलुबुखारच्या मुरंब्याची बरणीही मिळाली, न फुटता. पत्राची चारही पानं मी जिन्यातच उभी राहून वाचली. घरमालकीणबाई पायऱ्या पुसत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय हो, वडील बरे आहेत ना?" मी म्हटलं, "त्यांना भाजक सापडलाय." बाईंना वाटलं, हरवलेला कुत्रा सापडला असेल. "चला, सुटलात एकदाच्या!" असं म्हणून त्या पुन्हा पायऱ्यांकडे वळल्या. म्हणजे मला कळलं ते असं: दोन वर्षं शोधून तुम्हाला एक सात अंकी संख्या मिळाली, आपल्या त्या तेहेतीस अंकी संख्येला ती बरोबर भागते, बाकी काही उरत नाही. आणि हे तुम्ही परवा गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आपल्या गावच्या गणितप्रेमी मंडळात वाचून दाखवणार. कॅप्टन बुर्दां पहिल्या रांगेत बसणार, आणि गेली दोन वर्षं "पेरनोसाहेब, भाजक कुठाय?" म्हणून तुम्हाला टोमणे मारणाऱ्या त्या तोफखान्याच्या माणसाचं तोंड एकदाचं बंद होणार. काळा कोट मेलानीनं उन्हात टाकलाय, हेही कळलं. सगळं कळलं, बाबा. आता मी जे लिहिणार आहे ते सावकाश वाचा, भिंग घेऊन.

तुम्ही मला नवव्या वर्षी मूळ संख्या शिकवलीत, ते आठवतं? आई त्या वेळी होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर पीठ पडलं होतं आणि तुम्ही त्यात बोटानं एकशे सत्तावीस लिहिलंत. म्हणालात, "हिला भागून पाहत बसायचं नाही. भागून पाहणं वाण्याचं काम. हिला प्रश्न विचारायचा." मग रीत सांगितलीत. तीनापासून निघायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, एकशे सत्तावीसनं भागून बाकी ठेवायची, आणि पुन्हा त्या बाकीचा वर्ग. तीन, सात, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, सोळा, शून्य. पाचव्या खेपेला शून्य आलं आणि तुम्ही टाळी वाजवलीत. "शून्य आलं तर मूळ. दुसरं काहीही आलं तर फुटणारी. पण कशानं फुटते ते ही रीत सांगत नाही हं, पोरी. आत कुणीतरी आहे एवढंच दाराबाहेरून कळतं." मला ते इतकं आवडलं की मी त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाली, "पोरीला वेड लावाल." तुम्ही म्हणालात, "लागलं तर तिचं भाग्य." आई दोन वर्षांनी गेली. मला तुमच्याबद्दल काही चांगलं लिहायचं असेल तर ते एवढंच, त्या पिठातलं. म्हणून ते आधी लिहून टाकलं.

आपली संख्या मात्र पिठात मावणारी नव्हती. दोनाचा एकशे सातावा घात, त्यातून एक वजा. जेवणाच्या टेबलावर पाहुणे आले की सूप आणि मटणाच्या मधल्या वेळात तुम्ही ती म्हणून दाखवायचात, डोळे मिटून, तीन-तीन आकड्यांचे गट पाडत, पाद्री जपमाळ ओढतो तशी: एकशे बासष्ट, दोनशे एकोणसाठ, दोनशे शहात्तर, आठशे एकोणतीस, दोनशे तेरा, तीनशे त्रेसष्ट, तीनशे एक्क्याण्णव, पाचशे अठ्ठ्याहत्तर, शून्य दहा, दोनशे अठ्ठ्याऐंशी, एकशे सत्तावीस. पाहुण्यांचं सूप निवायचं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी एका भिक्षूनं अशा संख्यांपैकी कुठल्या मूळ आहेत त्याची यादी दिली होती, आणि त्या यादीत एकशे सात घाताची ही आपली संख्या नव्हती. भिक्षूवर तुमचा भारी जीव. त्याची यादी दोन ठिकाणी तोकडी पडल्याचं लोकांनी सिद्ध केलं, दुसऱ्यांदा तर १९११च्या उन्हाळ्यात, आणि ते तुम्हाला घरच्या माणसाची बदनामी झाल्यासारखं लागलं. तुम्ही शाळेतून निवृत्त झाला होतात, हातात वेळच वेळ होता. "आता या बिचाऱ्याची अब्रू मी राखतो," म्हणालात. म्हणजे ही संख्या फुटते हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. फक्त सिद्ध करायचं राहिलं होतं.

एकशे पाच वेळा वर्ग करायचा होता. दर खेपेला तेहेतीस अंकांचा वर्ग, सहासष्ट अंकांचा, मग भागाकार, मग बाकी. एका माणसाच्या हिशेबावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तुम्ही वरच्या खोलीत, मी खालच्या खोलीत. तुमची वही वेगळी, माझी वेगळी, आठवडाभर एकमेकांची वही बघायची नाही. शनिवारी जेवण झालं की दोन्ही वह्या टेबलावर यायच्या, तुम्ही एकेक गट वाचायचात आणि मी "जुळतं" म्हणायची. मी तेव्हा तीस वर्षांची होते. पाहुण्यांना तुम्ही माझी ओळख कशी करून द्यायचात, आठवतं? "ही माझी मुलगी नव्हे, हा माझा ताळा." सगळे हसायचे. मेलानी वाढता वाढता हसायची नाही, एवढं मी पाहून ठेवलं होतं. आणि घरातला नियम असा की वह्या जुळल्या नाहीत तर चूक माझी. तुमची वही तपासायची नाही. माझं पान फाडायचं आणि रविवारी दिवसभर बसून ते पुन्हा करायचं.

रविवार कुणासाठी होता ते तुम्हाला माहीत होतं. आनसेल्म जानरो घड्याळांच्या झाकणांवर नक्षी कोरायचा, आणि रविवारी दुपारी दोन वाजता पुलाच्या अलीकडे उभा राहायचा. तुम्ही त्याला एकदाच घरात घेतलंत आणि बटाट्यांवर वितळलेलं चीज वाढून विचारलंत, "मग जानरो, बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर कोरण्यापलीकडे तुमची अक्षरओळख कुठवर?" तो हसला. म्हणाला, "साहेब, तुमच्या मुलीचं पूर्ण नाव कोरतो, जागा पुरली तर." तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की आकडेमोड संपू दे, मग जा कुठं जायचं तिथं, मी अडवणार नाही. सेंट जॉनच्या सणापर्यंत संपेल. मी आनसेल्मला सांगितलं, जूनपर्यंत थांब. तो म्हणाला, "एका संख्येसाठी माणूस थांबतो होय?" पण थांबला. त्या हिवाळ्यात माझे सहा रविवार गेले, बाबा. सहापैकी पाच वेळा चूक तुमची होती. मला ते दर वेळी सोमवारी कळायचं, कारण माझं नवं पान जुन्यासारखंच यायचं आणि तुम्ही काही न बोलता तुमच्या वहीत काहीतरी खोडून दुरुस्त करायचात. मी मूग गिळून बसायची. जून जवळ येत होता.

मार्च महिन्यात बासष्टाव्या पायरीला तुमची पहिली वही संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही आपली संख्या लिहिलीत. जुनी वही उघडून बघायची, पण तुम्ही कशाला बघाल? तुम्हाला ती पाठ होती. त्या शनिवारी वह्या जुळल्या नाहीत. सुरुवातीचे गट वेगळे, शेवटचे वेगळे, काहीच जुळेना. तुम्ही लाल पेन्सिलीनं माझ्या पानावर लिहिलंत: "ओर्तांस चुकली." आणि मेलानीला कॉफी आणायला सांगितलीत. मी तुमची वही उलटी फिरवून माझ्याकडे घेतली. तुम्ही ओरडलात, "ताळा घेऊन बघ! नवाचा घे, अकराचा घे, दोन्ही जुळतात!" खरंच जुळत होते. मी वहीचं पहिलं पान काढलं, आणि बघितलं. पाचशे अठ्ठ्याहत्तर आधी लिहिलं होतं, तीनशे एक्क्याण्णव नंतर.

तुम्ही दोन शेजारचे गट उलटे केले होते, बाबा. नवाचा ताळा आकड्यांची बेरीज बघतो, क्रम बघत नाही, त्यामुळे त्याला काही कळणारच नव्हतं. अकराच्या ताळ्याला एरवी असला घोटाळा कळतो. पण या दोन गटांतला फरक एकशे सत्त्याऐंशी, आणि एकशे सत्त्याऐंशी म्हणजे अकरा सत्ते... नाही, अकरा गुणिले सतरा. अकरानं जातो. या संख्येत शेजारी-शेजारी असे गट आणखी कुठे आहेत का ते मी नंतर पाहिलं. आणखी एकच जोडी आहे, आठशे एकोणतीस आणि दोनशे तेरा. नऊ आणि अकरा दोघांच्याही डोळ्यांत धूळ फेकता येईल अशा दोनच जागा तिच्यात आहेत, आणि तुमचा हात नेमका त्यांतल्या एकीवर घसरला. साताचा ताळा घेतला असता तर चूक लगेच उघडी पडली असती. पण साताच्या ताळ्याला वेळ फार लागतो, तो शाळामास्तरांनी करायचा, असं तुमचं म्हणणं.

मी तोंड उघडलंही होतं. "बाबा" एवढं म्हटलंसुद्धा. तुम्ही कॉफीत साखर ढवळत म्हणालात, "आता रडगाणं नको. मान्य कर नि दुरुस्त कर, नाहीतर पहिल्या पायरीपासून दोघं पुन्हा करू, मला काय घाई आहे? तुझ्या त्या कोरणाऱ्याला असेल." मी मनात हिशेब मांडला. चूक दाखवली असती तर तुम्ही ती मान्य केली नसतीत, आणि केली असतीत तर चिडून खरोखर सगळं पहिल्यापासून करायला लावलं असतंत. जून गेला असता, पुढचा जूनही. मी म्हटलं, "माझीच चूक आहे." तुम्ही म्हणालात, "शहाणी मुलगी." मग रविवारी बसून मी तुमच्या चुकीच्या संख्येनं पायरी केली आणि सोमवारी तुम्हाला दाखवली. जुळली. तिथून पुढच्या त्रेचाळीस पायऱ्या मी दर शनिवारी "जुळतं, जुळतं, जुळतं" म्हणत गेले. अठरा जूनला एकशे पाचवी पायरी झाली. शून्य आलं नाही. कसं येणार? भिक्षूची अब्रू राहिली. पॅरिसच्या एका गणित-पत्रिकेत तुमच्या नावानं नऊ ओळी छापून आल्या: ही संख्या मूळ नाही, आकडेमोडीचा ताळा एका मेहनती हातानं पाहिला आहे. त्या हाताला नाव नव्हतं.

सेंट जॉनच्या दिवशी मी निळा झगा घालून खाली आले तेव्हा तुम्ही टेबलावर नवीन कागद मांडत होतात. आजही ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "भाजक दाखवल्याशिवाय बुर्दांसारखे लोक मानणार नाहीत. अजून एक वर्ष. वर्षभरात काय म्हातारी होतेस?" मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. तुम्ही म्हणालात, "आकडेमोड संपू दे म्हटलं होतं. संपली का?" मी पुलावर गेले आणि आनसेल्मला अजून एक वर्ष म्हणाले. तो रागावला नाही, तेच वाईट झालं. म्हणाला, "ओर्तांस, तुझा बाप जिंकला असं नाही, तू त्याला जिंकू देतेस." ऑगस्टमध्ये तो सरहद्दीपलीकडे ला शो-द-फोंला गेला. तिथं त्याचं लग्न झालंय, एक मुलगी आहे. मुलीचं नाव काय ठेवलं ते मी विचारलं नाही. मी सप्टेंबरमध्ये तुम्हाला न विचारता इथल्या वेधशाळेत ताऱ्यांच्या मोजमापांची आकडेमोड करायची नोकरी धरली. स्टेशनावर तुम्ही आला नाहीत. मेलानी आली, आणि रुमालात बांधून सॉसेज दिलं.

आता मुख्य गोष्ट. खोकं भरताना मी माझी खरी पानं बरोबर घेतली. बासष्टाव्या पायरीचं ते लाल पेन्सिलीचं पान, ज्यावर मी चुकलेली नव्हते. रविवारी सकाळी बाकीच्या मुली चर्चला जायच्या तेव्हा मी खिडकीशी बसून पुढच्या पायऱ्या करायची, बरोबर संख्येनं, एका रविवारी एक. कुणी वह्या जुळवायला नव्हतं, म्हणून प्रत्येक पायरी दोनदा, आणि ताळा साताचाही. का करत होते ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. नऊ-दहा महिने हे चाललं, मग सुट्टीत भराभर पाच-सहा झाल्या. गेल्या जुलैत एकशे चौथी पायरी झाली आणि आलेली बाकी पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. तिचा वर्ग केला तर नेमके दोन उरणार होते, हे मला ती पाहूनच कळलं, कारण दोनाच्या चोपन्नाव्या घाताशी तिचं जे नातं आहे ते तुम्हीच शिकवलं होतंत. तरी मी शेवटची पायरी पूर्ण केली. वर्ग, दोन वजा, भागाकार. तेहेतीस घरं, आणि प्रत्येक घरात शून्य. चुकत चुकत गेलेला माणूस कुठल्याही आकड्यावर पोचेल, शून्यावर पोचत नाही. आपली संख्या मूळ आहे, बाबा. तिला भाजक नाहीच. भिक्षू चुकला होता, आणि ही गोष्ट माझ्या माहितीत या पृथ्वीवर फक्त मला ठाऊक आहे. आजपासून तुम्हालाही.

तुम्ही विचाराल, जुलैपासून आठ महिने का गप्प होतीस? कारण त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुम्ही आठशे सत्तावन्नपासून निघून, दोनशे चौदाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्यांनी भागत भागत वीस लाखांच्या पुढे गेलात. डावा डोळा जवळजवळ गेला, डॉक्टर म्हणाला विश्रांती घ्या, तुम्ही त्याला गाढव म्हणालात. खाली लिहिलं होतं: "तू असतीस तर काम निम्म्या वेळात झालं असतं. आपल्या सुखासाठी बापाला सोडून गेलीस, लक्षात असू दे." कुठलं सुख ते लिहिलं नव्हतं. मी ते पत्र दोनदा वाचलं, मग उत्तर लिहिलं. "बाबा, सोडू नका. मला वाटतं भाजक आता फार लांब नाही." आठवतं तुम्हाला ते पत्र? तुम्हाला इतकं आवडलं की तुम्ही ते मंडळात वाचून दाखवलंत. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तुम्ही कुठवर पोचलात ते कळवायचात, आणि मी दर पंधरा दिवसांनी "अजून थोडं" लिहायची. तिसऱ्या-चौथ्या पत्रापर्यंत मला हात आखडता घ्यावासा वाटायचा. पुढे पुढे मी ती पत्रं चहा पिता पिता लिहायला लागले.

नाताळात मेलानीचं पत्र आलं, तुमच्या नकळत लिहिलेलं. ती लिहिते, "ताई, साहेबांचं काही खरं नाही. चमचा तोंडाऐवजी गालाला लावतात, सूप दाढीवर. दिवस-दिवस नाक कागदाला टेकवून बसतात आणि आकडे पुटपुटतात. मी म्हटलं, पुरे करा आता, तर म्हणाले, ओर्तांस म्हणते जवळ आलंय, तिला कळतं. ताई, ते फक्त तुमचं ऐकतात. एक ओळ लिहा ना, बस करा म्हणून." बाबा, तुम्ही आयुष्यात कधी माझं ऐकलं होतंत? आणि आता फक्त माझं ऐकत होतात. मी मेलानीला उत्तर पाठवलं की साहेबांच्या कामात लुडबुड करू नकोस, आणि पाकिटात तिला नाताळचे पाच फ्रँक घातले. मला आनंद झाला होता. लाज वाटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण लाज वाटली ती फार नंतर, आणि थोडीच. माझे सहा रविवार, एक आनसेल्म आणि एक पूर्ण तरुणपण तुम्ही एका नसलेल्या चुकीसाठी घेतलंत. मी तुमचा एक डोळा एका नसलेल्या भाजकासाठी घेतला. हा ताळाही जुळतो की नाही ते तुम्हीच बघा.

आता तुमचा गुरुवारचा भाजक. तुम्ही भागाकाराचं पान पाठवलंत, मी ते काल रात्री जेवणाआधी तपासलं. भागाकार बिनचूक आहे, अगदी तुमच्या जुन्या दिवसांसारखा. फक्त पानाच्या डोक्यावर संख्या आहे ती तुमची, पाचशे अठ्ठ्याहत्तर आधी असलेली. दोन वर्षं तुम्ही तिलाच भागत होतात. ती काही आपली संख्या नाही, ती तुमच्या हातून जन्मलेली दुसरीच कुणीतरी आहे, आणि तिला भाजक आहे याचं मला मुळीच नवल वाटत नाही. आपल्या खऱ्या संख्येवर हा भाजक लागू पडत नाही हे बघायला कॅप्टन बुर्दांना तुमची वहीसुद्धा लागणार नाही. एकाची दुप्पट, दोनाची दुप्पट, असं करत, भाजकापेक्षा मोठी झाली की तो वजा करत एकशे सात वेळा गेलं की झालं. शेवटी एक उरला तर भाजक खरा. त्यांना अर्धा तास पुरेल, आणि ते टोपीत कागद-पेन्सिल घेऊनच येतात हे तुम्ही मला स्वतः सांगितलंय. मीही करून पाहिलं. एक उरत नाही.

हे सगळं मी आजच का लिहितेय, ते आता सांगते. तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर चार ओळी आहेत: "मथळ्यावर दोन नावं असतील, आणि पहिलं तुझं. ओर्तांस पेरनो, मग माझं. हे मी आधीच करायला हवं होतं. तुझ्या आईनंही मला हेच सांगितलं असतं." जिन्यात मी जी खाली बसले ती या ओळींवर, भाजकावर नाही. घरमालकीणबाईंनी पाणी आणून दिलं. मी रडले, बाबा, चांगली अर्धा तास. दोन वर्षांपूर्वी तुम्ही हे एक वाक्य लिहिलं असतंत, किंवा त्या शनिवारी नुसतं "दाखव बरं, कुठं चुकलं म्हणतेस" एवढं म्हणाला असतात, तर ही संख्या आज आपल्या दोघांच्या नावानं ओळखली गेली असती. मग मी डोळे पुसले आणि माझ्या लक्षात आलं की पहिलं नाव माझं असेल तर लोक पहिल्यांदा मला हसतील. म्हणून आज सकाळी मी मंडळाच्या चिटणिसांना दोन ओळी पाठवल्या: गुरुवारच्या निबंधाशी माझा काही संबंध नाही, माझं नाव काढावं. कारण लिहिलं नाही. ते पत्र त्यांना उद्या मिळेल, ते नाव खोडतील, आणि तुम्हाला वाटेल की पोरगी लाजली. हे पत्र मी आत्ता पाकिटात घालून टेबलावर ठेवणार आहे. गुरुवारी दुपारी टाकलं की ते तुमच्याकडे शुक्रवारी सकाळी पोचतं, मी टपालकचेरीत विचारून आले.

तुमचीच,
ओर्तांस